सोबतीला आलेली

थोरलीचा खोकला म्हणजे त्या घरातलं पाचवं माणूस होतं. घरात दोघे भाऊ, दोघांच्या दोघी बायका, खाली बेकरी, वर राहायच्या खोल्या आणि हा खोकला. सकाळी भट्टी पेटायच्या आधी तो उठायचा आणि दुकानाचं शटर पडल्यावरच काय तो गप्प बसायचा. गिऱ्हाइकं पाव मागायच्या आधी "आज कसा आहे खोकला?" असं विचारायची, जणू घरातल्या पोराची परीक्षा चालू आहे. थोरलीला ते आतून आवडायचं. पन्नाशीला टेकलेल्या बाईची एरवी चौकशी करतं कोण?

निदान सगळ्यांनी मिळून कधीच करून टाकलं होतं. मैदा. पंचवीस वर्षं पिठात वावरलेल्या बाईच्या छातीत दुसरं काय जाणार? "वहिनींनी चिमूटभर यीस्ट खाल्लं तर आतल्या आत पाव फुगेल," असं धाकटा दीर म्हणायचा. हा विनोद तो वर्षभर करत होता आणि वर्षभर एकटाच हसत होता.

धाकटी जाऊ कमी बोलायची. केकचं सगळं काम तिच्याकडे. दुकानाच्या मागे काचेची एक थंड खोली होती, तिथे क्रीम वितळू नये म्हणून कायम गारठा असायचा. त्या खोलीत स्वेटर घालून ती क्रीमची पिशवी पिळायची आणि केकवर गुलाब उमलायचे. वय चव्वेचाळीस, पण चेहरा असा की अनोळखी माणसाने पस्तिशीच्या वर जाऊच नये. कपाळावर आठी नाही, डोळ्यांच्या कडेला सुरकुती नाही, गाल कसे ताणून बसवल्यासारखे. "फ्रीजमध्ये ठेवलीय ना, म्हणून टिकलीय," असं तिचाच नवरा कौतुकाने सांगायचा. सगळे हसायचे. थोरलीही हसायची, आणि मग वर जाऊन आरशासमोर स्वतःच्या गळ्याची सैल कातडी चिमटीत धरून बघायची. जावा-जावा, उभा दावा म्हणतात, तसं या दोघींचं नव्हतं. दोघींचं बरं चालायचं. पण हेव्याला दावा लागतोच असं कुठे आहे? तो कोपऱ्यात मुकाट बसूनही राहतो.

शेवटी एकदा केक न्यायला आलेल्या एका बाईंच्या उघड्या केकवरच थोरलीला खोकल्याची उबळ आली, तेव्हा थोरल्याने हात टेकले. "बास. उद्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं." भट्टी सोडून पुरुषांना हलता येत नव्हतं, म्हणून सोबतीला धाकटी निघाली. एक्स-रे, जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली, सगळं तिच्या पिशवीत.

हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. छातीचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. थोरली खोकत खोकत पुढे चढली. प्रत्येक वळणावर मागे बघावं तर धाकटी भिंतीवरचं काहीतरी वाचत उभी. हात कसे धुवावेत, आग लागल्यास काय करावं, जुन्या कर्मचाऱ्यांचा निरोप समारंभ.

"अगं चल ना! पेशंट मी आहे की तू?" थोरली वरून ओरडली.

"आले, ताई," धाकटी म्हणाली आणि आणखी थोडं वाचून मग चढली.

छातीच्या डॉक्टर म्हणजे आखूड केसांच्या, आखूड बोलणाऱ्या बाई होत्या. खोलीत एसी इतका जोरात होता की टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. त्यांनी थोरलीला तपासलं, फुंकायला लावलं, एक्स-रे उजेडासमोर धरला, जेवणाच्या वेळा विचारल्या आणि म्हणाल्या, "फुप्फुसं स्वच्छ आहेत."

"स्वच्छ?" थोरलीचा चेहरा पडला. "अहो, पंचवीस वर्षं मैदा..."

"मैद्याचा थोडा त्रास असेलही. पण खरी गडबड पोटात आहे. उशिरा जेवता, जेवलं की आडवं होता, आम्ल घशाशी येतं, त्याचा हा खोकला. गोळी देते. रात्रीचं जेवण लवकर करा, उशी उंच घ्या."

पोटात! थोरलीला कोणी सगळ्यांसमोर तिची बढती काढून घेतल्यासारखं झालं. एवढा नावाजलेला खोकला, आणि निघालं काय, तर ढेकर! आता दुकानात विचारणाऱ्यांना सांगायचं तरी काय? बरं वाटायला हवं होतं, ते तिला मागाहून वाटणार होतं.

"बाकीचे जुने एक्स-रे द्या," डॉक्टर म्हणाल्या. धाकटीने पिशवीतून पाकीट काढून टेबलावरून पुढे केलं.

डॉक्टरांनी पाकीट घेतलंच नाही. त्यांनी धाकटीचा हात धरला.

थोरलीने वळून बघितलं. धाकटीची तीन बोटं पेरांपासून टोकापर्यंत खडूसारखी पांढरी झाली होती. चौथं निळसर पडत होतं. घरात हे सगळ्यांनी हजारदा बघितलं होतं. थंड खोलीतून बाहेर आली की तिची बोटं अशीच असायची, आणि कपभर चहाभोवती ती हात धरून बसायची. क्रीम लागलंय की बोटच आहे, अशी त्याचीही थट्टा व्हायची.

"हे कधीपासून होतं?"

"एसीमुळे," धाकटी ओशाळून म्हणाली. "माझं थंडीतलं काम आहे ना. डॉक्टर, मी पेशंट नाही. मी नुसती सोबत आलेय."

"बसा."

"नाही, पण नंबर यांचा..."

"बसा हो. या उठतील." आणि थोरली खरंच उठली. का उठली ते तिलाही कळलं नाही. खुर्चीत धाकटी बसली आणि थोरली पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकली.

डॉक्टरांनी धाकटीच्या बोटांवरची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत काही येईना. ड्रमवर ताणलेल्या चामड्याची चिमूट निघेल तर तिची निघेल. मग भिंगातून नखांच्या मुळाशी बराच वेळ बघितलं. तोंड मोठं उघडायला सांगितलं, ते उघडलं तर जेमतेम चमचा जाईल इतकंच. थोरलीला एकदम आठवलं, ही हल्ली सफरचंद चिरून खाते. पूर्वी आख्खं चावायची.

"चेहरा असाच होता पूर्वीपासून?"

धाकटी काही बोलायच्या आधी थोरलीच म्हणाली, "तिला सुरकुत्या पडतच नाहीत हो. आमच्याकडे सगळे..." आणि डॉक्टरांच्या नजरेने तिचं वाक्य तिथेच थांबलं.

"सुरकुती पडायला कातडी सैल लागते," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "यांची घट्ट होत चाललीय."

ज्या चेहऱ्यासाठी थोरली इतकी वर्षं आरशासमोर जळत उभी राहिली, तो चेहरा म्हणजे आजार होता. तिने धाकटीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला तो चेहरा तरुण न दिसता बांधून घातलेला दिसला.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप धाकटीच्या पाठीवर खाली, कमरेच्या जरा वर ठेवला. "श्वास घ्या. अजून. अजून." मग त्या थोरलीला म्हणाल्या, "सँडलचा चिकटपट्टा ओढून काढताना जसा आवाज येतो ना, तसा येतोय आत. दोन्ही बाजूंना."

मग चालायची परीक्षा झाली. परिचारिकेने प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावला, तर यंत्रावर नुसत्या रेघा. थंड बोटात रक्तच नव्हतं, ते मोजणार काय? चिमटा कानाच्या पाळीला लावला. बसल्या जागी आकडा ठीक होता. "आता बाहेरच्या व्हरांड्यात चाला. थांबावंसं वाटलं तर थांबा, पण सोंग करू नका," असं डॉक्टरांनी बजावलं.

थोरली दारात उभी राहून बघत होती. धाकटी गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. यंत्रावरचा आकडा दुकान बंद करताना एकेक दिवा मालवत जावा तसा खाली येत होता. नव्वदच्या खाली गेला. आणखी खाली गेला. धाकटी भिंतीवरच्या एका सूचनेसमोर थांबली आणि वाचू लागली.

थोरलीला एकदम कळलं. ही वाचत नव्हती. जिन्यातही वाचत नव्हती.

सकाळी दोघी निघाल्या तेव्हा एक पेशंट होती आणि एक सोबत. संध्याकाळी परतल्या तेव्हाही तेच होतं, फक्त माणसं बदलली होती. रिक्षातून उतरताना थोरलीने पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

"काय म्हणाले?" थोरल्याने विचारलं. दोघे भाऊ पिठाच्या हातांनी बाहेर आले होते.

"मला काही नाही," थोरली म्हणाली. "हिला आहे."

धाकटा दीर आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्याने बायकोच्या हातातलं छातीच्या स्कॅनचं पत्र बघितलं आणि तसाच पिठाच्या पोत्यावर बसला. "हिला? हिला कधी साधा ताप येत नाही!"

त्या आठवड्यात तपासण्यांची रांग लागली. छातीचं स्कॅन, हृदयाची तपासणी, रक्त, काचेच्या पेटीत बसून फुंकायची परीक्षा. आणि त्याच आठवड्यात थोरलीला स्वतःच्याच घराची ओळख पटायला लागली. जिन्याच्या मधल्या पायरीवर एक बसायचा वेताचा मोडा ठेवलेला होता, तो केव्हापासून तिथे होता? धाकटी म्हणायची, चपला काढायला बरा. गच्चीवर कपडे वाळत घालायला ती दोनदा जायची, अर्धी बादली, अर्धी बादली. थोरलीला वाटायचं, हिला टाळाटाळ करायची सवय. तिने आधी मोठे केक सोडले, मग तीन थरांचे सोडले. "लोकांना हल्ली लहानच आवडतात," असं सांगायची. पूर्वी काम करताना गुणगुणायची, ते कधी बंद झालं हे कोणालाच सांगता येईना. बोलायचीसुद्धा तुकड्या-तुकड्यांत. लोक म्हणायचे, किती मितभाषी! मितभाषी कसली, वाक्य पुरं करायला हवा पुरत नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! थोरली आतल्या आत चरफडली. एकाच छताखाली, एकाच ओट्यावर, वर्षानुवर्षं. तिने धाकटीला गाठलं. ती खिडकीशी बसून हातमोजे चढवत होती.

"तुला धाप लागत होती. बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, वय झालं."

"चव्वेचाळिसाव्या वर्षी?"

"ताई, घरात खोकणाऱ्या तुम्ही होतात," धाकटी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हिशेबही नव्हता. "मला तर खोकलाही नव्हता. जिना तेवढा उंच झाला होता. माणूस काय सांगणार, की जिना उंच झालाय?"

थोरलीला खोकला आला, तो तिने तोंडावर पदर धरून दाबला.

रिपोर्ट ऐकायला चौघंही गेले. बेकरी त्या दिवशी बंद ठेवली. छातीच्या डॉक्टरांशेजारी या वेळी आणखी एक डॉक्टर होते, संधिवाताचे, जाड भुवयांचे, गोड आवाजाचे.

"संधिवात?" धाकटा म्हणाला. "हिचे गुडघे तर चांगले आहेत."

"आमच्याकडे फक्त गुडघे येत नाहीत," ते डॉक्टर म्हणाले. "शरीरातला प्रत्येक अवयव एका अस्तराने बांधलेला असतो. कातडीखाली तेच, सांध्यात तेच, फुप्फुसातही तेच. यांच्या शरीराची राखण करणारी फौज त्या अस्तरावरच उलटलीय. त्यामुळे ते कडक होतंय. या आजाराला स्क्लेरोडर्मा म्हणतात. बोटं हा त्याचा दरवाजा होता. तो आता आतपर्यंत गेलाय."

छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवलं. फुप्फुसांच्या तळाशी बारीक जाळी पडली होती आणि तिच्याभोवती काचेवर वाफ धरावी तसा धुरकट भाग होता. "ही जाळी आता जाणार नाही. हा जो धुरकट भाग आहे, त्याच्यासाठी आपण भांडायचं. त्या फौजेला आवरणारी गोळी सुरू करू. मळमळेल, पोट बिघडेल, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासावं लागेल, संसर्गाला जपावं लागेल. थंड खोली आजपासून बंद."

"किती दिवस?" थोरल्याने विचारलं.

"गोळी काही वर्षं. थंड खोली कायमची."

धाकट्याने बायकोचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला होता आणि तो चोळून गरम करत होता, जणू आत्ताच्या आत्ता गरम झाला की सगळं मिटेल.

तेव्हा थोरलीने घसा साफ केला. "डॉक्टर, एक विचारू? माझ्या खोकल्याला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मागे एक गोळी दिली होती. जादूच हो! दोन दिवसांत तरतरी. सूज उतरवते म्हणाले. उरलेली आहेत माझ्याकडे. हिला अशक्तपणा फार, म्हणून म्हटलं, तोवर हिला चार-चार द्याव्यात." आणि तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

संधिवाताच्या डॉक्टरांनी पट्टी उलटी करून नाव वाचलं. त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला.

"ही दिलीत?"

"नाही. आज सकाळीच देणार होते."

"हे स्टेरॉइड आहे. इतर कित्येक आजारांत मीच लिहून देतो. पण या आजारात जास्त डोस गेला तर रक्तदाब भडकून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. थोड्या दिवसांत." त्यांनी ती पट्टी स्वतःच्या खणात टाकली आणि खण बंद केला. "यांना आमच्याशिवाय कोणी काहीही द्यायचं नाही. प्रेमाने तर मुळीच नाही."

थोरलीने दोन्ही हात मांडीखाली घातले. तिने सकाळीच दुधाचा पेला आणि गोळ्या काढून ठेवल्या होत्या. निघायची घाई झाली म्हणून राहिलं. एवढ्या घाईवर एक माणूस वाचलं होतं. घरी परत जाताना ती एकदाही खोकली नाही. पोटाच्या गोळीचा गुण असेल, किंवा खोकल्यालाही धक्का बसला असेल.

त्यानंतरचे महिने काही गोष्टीतल्यासारखे गेले नाहीत. पहिल्या गोळ्यांनी धाकटी इतकी ओकली की तिने एकदा पाकीट खिडकीबाहेर फेकलं आणि धाकट्याने ते गटाराच्या काठावरून उचलून आणलं. गोळीचा डोस कमी करून पुन्हा हळूहळू वाढवला. सर्दी झालेल्या गिऱ्हाइकांना थोरली दारातूनच पाव द्यायची. थंड खोलीत आता तीच शिरली. धाकटी काचेबाहेर, उबेत, शाल गुंडाळून बसायची आणि खुणा करून शिकवायची.

"मनगट फिरवा, ताई, मनगट! दाबू नका."

"दाबलं नाही तर येणार कसं?"

"हा गुलाब आहे की कोबी?"

"कोबीचा केक म्हणून विकू," थोरली म्हणाली. धाकटी हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. थोरली क्रीमची पिशवी तशीच टाकून बाहेर धावली. हे रोजचंच झालं होतं. प्रत्येक वेळी थोरलीचा जीव नव्याने उडायचा. माणसाला धक्क्याचीही सवय होते म्हणतात, तिला झाली नाही.

सहा महिन्यांनी फुंकायची परीक्षा पुन्हा झाली. थोरली काचेच्या पेटीबाहेर उभी होती आणि आत धाकटी फुंकत असताना तिचे स्वतःचेही गाल फुगत होते. मग डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद शेजारी-शेजारी ठेवला, आणि ती आखूड बोलणारी बाई चक्क हसली.

"अगदी तेवढेच आकडे. काही फरक नाही!"

थोरली खुर्चीतून अर्धी उठली. "काही फरक नाही? मग एवढ्या गोळ्या, एवढं ओकणं, सगळं पाण्यात?"

"पाण्यात नाही. बसा." डॉक्टरांनी स्कॅन समोर ओढलं. "हा आजार पुढे जाणारा आहे. गोळी नसती तर आज हे आकडे खाली असते, बरेच खाली. तो जिथल्या तिथे थांबलाय. या आजारात यालाच आम्ही जिंकणं म्हणतो. पुढेही थांबेल असं वचन देत नाही. हलला तर दुसरं औषध आहे. पण आज थांबलाय."

धाकटीने तो कागद हातात घेतला. आकडे तिला कळत नव्हते, पण दोन्हीकडे सारखेच आहेत एवढं दिसत होतं. ती त्यांच्यावरून आपलं घट्ट झालेलं बोट फिरवत राहिली.

"म्हणजे मी..." तिने श्वास घेतला, "...मी आहे तेवढी राहणार?"

"तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप."

बाहेर आल्यावर थोरलीने बेकरीत फोन लावला. पहिल्याच घंटेला धाकट्याने उचलला. मागे भट्टीचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. कोणीतरी दार लोटलं असावं.

"काय झालं, वहिनी?"

"काही झालं नाही," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

"म्हणजे? बरं वाटलं नाही का तिला? औषध लागू पडलं नाही? वहिनी, रडू नका, नीट सांगा..."

"अहो भाऊजी, सांगतेय ना, काही झालं नाही! जसं होतं तस्सं आहे!" ती रडत होती आणि हसत होती. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. पलीकडे धाकटा गोंधळून "पण मग... पण मग..." करत राहिला. शेवटी धाकटीनेच फोन ओढून घेतला, भिंतीला टेकून दोन श्वास जमवले आणि नवऱ्याला म्हणाली, "घरी आल्यावर सांगते. तोवर माझ्यासाठी एक पाव ठेव. गरम. आज भूक लागलीय मला."